त्रूसोचें निदान आणि मेंदूचें चित्र

अर्धांगवायूचा झटका आला कीं, आपल्या घरांत प्रथम रक्तदाबाची चौकशी होते, मग मधुमेहाची, आणि कांहीं घरांत तंबाखूची. ही चौकशी रास्तच आहे. बहुसंख्य रोग्यांचें कारण तेथेंच सांपडतें. परंतु थोड्या रोग्यांत मेंदूचा रक्तपुरवठा तोडणारी गुठळी ही शरीरांत अन्यत्र दडलेल्या कर्करोगाची पहिली खूण असते. ही गोष्ट वैद्यकास कशी उमगली, तो इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांत होतो. तेथील विख्यात अध्यापक आर्मां त्रूसो यांनीं १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असें प्रतिपादन केलें कीं, पोटाच्या दुखण्याचा उलगडा होत नसतां रोग्याच्या पायाच्या नीलेंत रक्त गोठलें, आणि पाय पांढुरका, सुजलेला व दुखरा झाला, तर तें दुखणें कर्करोगाचें समजावें. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून तीस वर्षें होतीं. हा सिद्धान्त केवळ रोगशय्येपाशीं केलेल्या अवलोकनावर उभा होता. दैवाचा खेळ असा कीं, १८६७ च्या जानेवारींत खुद्द त्रूसो यांच्याच शरीरांत तशी गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांनीं आपल्या शिष्यास निःशंकपणें सांगितला. त्याच वर्षीं २३ जून रोजीं जठराच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

पायांतील गुठळी डोळ्यांस दिसते; मेंदूंतील दिसावी कशी? पुष्कळ काळ ती मृत्यूनंतरच दिसे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग संस्थेनें १९८५ सालीं ३,४२६ कर्करोग्यांच्या शवविच्छेदनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ५०० जणांच्या मेंदूंत रक्तवाहिन्यांचा विकार आढळला, आणि त्यांतील सुमारें निम्म्यांस हयातींत त्याचें कांहींच लक्षण जाणवलें नव्हतें.

आतां एम.आर.आय. यंत्राच्या एका विशेष चित्रणांत रक्तावांचून ताजा मेलेला भाग पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. मेंदूस डावीकडून, उजवीकडून आणि मागून असें तीन वाटांनीं रक्त मिळतें. एकच वाट तुंबली तर दोष बहुधा त्या वाटेचा. परंतु तिन्ही प्रदेशांत एकदम ठिपके विखुरले असतील, तर गुठळ्या हृदयांतून येतात किंवा रक्तच गोठूं पाहतें, असा तर्क करावा लागतो. कर्करोग रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढवितो. कधीं हृदयाच्या झडपांवर जंतुविरहित कण सांठतात आणि तुटून मेंदूकडे जातात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांनींही असेंच चित्र उमटतें, म्हणून ती शंका आधीं फेडावी. प्रत्येक अर्धांगग्रस्त वृद्धामागें कर्करोगाच्या शोधाचा ससेमिरा लावणें हें मात्र आमच्या मतें क्रौर्य होय.

कोल्हापुरालगत पुणें-बंगळूर हमरस्त्यावरील शिरोलीची एम.आय.डी.सी. फौंड्रींसाठीं प्रसिद्ध आहे. लोखंड व पोलाद ओतण्याचा हा व्यवसाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८७ सालीं मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत गणला असून, त्यांत फुप्फुसाचा कर्करोग प्रमुख आहे. तेथें हयात घालविलेल्या कारागिराच्या मेंदूचे ठिपके तिन्ही प्रदेशांत दिसले, हृदयाचे ठोके नियमित निघाले आणि रक्तांतील डी-डायमर फार चढलेलें आढळलें, तर छातीचें चित्र काढण्यास विलंब लावूं नये. आणि तो कोणतें काम करीत असे, हें घरच्यांनीं डॉक्टरांस आपण होऊन सांगावें.