विंचूदंश-चिकित्सा, महाड–पोलादपूर परिसरातील
विंचूदंश-चिकित्सा, महाड–पोलादपूर परिसरातील : लाल विंचवाच्या (हॉटेंटोटा टॅम्युलस, पूर्वीचे नाव मेसोब्यूथस टॅम्युलस) दंशाने होणाऱ्या विषबाधेवरील उपचारांचा रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) महाड व पोलादपूर या तालुक्यांत झालेला विकास. याचे दोन टप्पे पडतात : प्राझोसीन या रासायनिक औषधाचा वापर व घोड्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडांचा, म्हणजेच जैव औषधाचा, वापर. ग्रामीण भागात सुरू झालेले संशोधन आंतरराष्ट्रीय वैद्यकात मान्यता पावल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला हा प्रदेश सावित्री नदीच्या खोऱ्यात मोडतो. दगडांच्या फटी, घरांच्या भिंती, कौलारू छपरे, लाकूडफाटा व पेंढ्याचे ढीग ही विंचवाची आश्रयस्थाने असल्याने शेतकरी, मजूर व घरात खेळणारी मुले यांना दंशाचा धोका अधिक असतो. डोंगरातील वाड्या रुग्णालयांपासून दूर असल्यामुळे रुग्ण उशिरा पोहोचत. तत्पूर्वी मांत्रिकाकडून विष उतरविण्याचे प्रयत्नही होत. काळ्या विंचवाचा दंश बहुधा वेदनांपुरता मर्यादित राहतो. लाल विंचवाचा दंश मात्र प्राणघातक ठरू शकतो.

विषाची क्रिया : या विषामुळे तंत्रिकांतील सोडियमाचे मार्ग अधिक काळ उघडे राहतात व स्वायत्त तंत्रिका तंत्र अतिशय उत्तेजित होते. रुग्णाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात व पुरुषांत शिस्नाचा वेदनायुक्त ताठरपणा आढळतो. रक्तात ॲड्रेनॅलीन व तत्सम द्रव्ये मोठ्या प्रमाणात मिसळून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व हृद्‌स्नायूवर ताण पडतो. पुढे हृदय क्षीण होऊन फुप्फुसशोफ (फुप्फुसांत द्रव साचणे) उद्‌भवतो व रुग्ण दगावतो.

प्राझोसीन : विंचूदंशानंतरच्या फुप्फुसशोफाची नोंद मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात केली होती, परंतु निश्चित उपचार उपलब्ध नव्हता. शामके, स्टेरॉइडे, ॲट्रोपीन इ. औषधे निरनिराळ्या ठिकाणी दिली जात. १९७६ मध्ये बिरवाडी (ता. महाड) येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची पद्धतशीर निरीक्षणे केली. हृदयविकार उद्‌भवण्यापूर्वीची सूचक लक्षणे वर्णन करणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घाम, उलट्या व गार हातपाय यांवरून संकटाची पूर्वसूचना मिळते, हे कळल्याने साध्या दवाखान्यातही धोक्याचा रुग्ण ओळखणे शक्य झाले.

प्राझोसीन हे मूळचे रक्तदाबावरील औषध. ते रक्तवाहिन्यांतील आल्फा-ग्राहींना रोधून त्या शिथिल करते व हृदयावरील भार हलका करते. विषाच्या परिणामांच्या नेमके विरुद्ध कार्य करणारे हे औषध बावस्कर यांनी विंचूदंशात वापरले व त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. औषध तोंडावाटे देता येते व स्वस्त आहे. मात्र उभे राहिल्यास रक्तदाब एकदम उतरण्याचा संभव असल्याने रुग्णास आडवे ठेवावे लागते. प्राझोसीनपूर्व काळात पश्चिम भारतात २५ ते ३०% रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरल्याचे बावस्कर यांनी नमूद केले आहे.

प्रतिविष रक्तरस : प्राझोसीन विषाच्या परिणामांना रोखते, विषाला नव्हे. विषाचे निष्प्रभावन प्रतिपिंडांनी होते. बेरिंग व किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखविलेल्या या तत्त्वानुसार घोड्यास विषाच्या वाढत्या मात्रा टोचतात व त्याच्या रक्तरसातील प्रतिपिंड शुद्ध करून घेतात. लाल विंचवाविरुद्धचा असा रक्तरस मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने तयार केला. परंतु विष तंत्रिकांत जाऊन भिडल्यावर व ॲड्रेनॅलीन मुक्त झाल्यावर प्रतिविषाचा उपयोग किती, याविषयी वैद्यकांत मतभेद होते.

याचा निर्णय महाड येथेच झालेल्या चाचणीतून पुढे आला. हिंमतराव व प्रमोदिनी बावस्कर यांनी दुसऱ्या श्रेणीची विषबाधा झालेल्या ७० रुग्णांचे यादृच्छिक रीतीने दोन गट केले. एका गटास केवळ प्राझोसीन व दुसऱ्यास प्राझोसीनसह प्रतिविष देण्यात आले. पहिल्या गटास बरे होण्यास सरासरी १७·७ तास, तर दुसऱ्यास १० तास लागले. हे निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. घोड्याच्या प्रथिनांमुळे अधिहर्षतेची तीव्र प्रतिक्रिया संभवते. म्हणून प्रतिविष देताना त्यावरील उपचारांची सिद्धता आवश्यक असते. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

इतर जैव औषधांशी संबंध : कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत मिळविण्याची रीत शोधली. त्यातून पुढे आलेली अडॅलिम्यूमॅब, सेक्युकिन्यूमॅब इ. जैव औषधे मध्यम व तीव्र सोरायसिस या त्वचारोगात वापरतात. प्रतिविष बाहेरून आलेल्या विषास बांधते, तर ही औषधे शरीरातच निर्माण होणाऱ्या दाहजनक प्रथिनांस बांधतात. प्रतिविष एका प्रसंगापुरते असते. सोरायसिसवरील औषधे मात्र दीर्घकाळ ठरावीक अंतराने टोचावी लागतात व त्यांपूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात. तेथेही मेथोट्रेक्झेटसारखे जुने, स्वस्त औषध टिकून आहे. रोगाची तीव्रता प्रथम ठरवून त्यानुसार साधे वा जैव औषध योजणे, हे तत्त्व दोन्हींस समान आहे. महाड–पोलादपूरच्या अनुभवाने त्यात एक भर घातली : दुर्गम भागात औषधाची गुणवत्ता जितकी महत्त्वाची, तितकेच ते रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचणेही महत्त्वाचे होय.