दीक्षेनंतरचे ५३ दिवस: बाबासाहेबांचं कोणतं काम टिकलं, कोणतं अडलं?

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग लाखो अनुयायांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या.

त्यानंतर त्यांच्या हाती उरले होते फक्त ५३ दिवस. १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा समारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. तेव्हा मधुमेहाने त्यांची तब्येत ढासळली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

राज्यघटनेचं काम तोवर पूर्ण झालं होतं. पण धम्म, ग्रंथ आणि पक्ष ही तीन कामं अर्ध्यावर होती. त्यांचं पुढे काय झालं?

धम्म: सर्वांत वेगाने वाढलेलं काम

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. म्हणजे यातला बहुतेक प्रवास बाबासाहेबांच्या पश्चात झाला. दीक्षेचा विधी सोपा होता, प्रतिज्ञा स्पष्ट होत्या. वस्त्यावस्त्यांत विहारं उभी राहिली.

याची किंमतही होती. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या सवलतींचा प्रश्न निर्माण झाला. केंद्राच्या पातळीवर बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळायला १९९० उजाडलं.

मर्यादाही दिसते. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. बाबासाहेबांना सगळा भारत बौद्धमय करायचा होता. तो विस्तार झाला नाही.

ग्रंथ: उशिरा, पण पोहोचले

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. इतर बरंच लेखन हस्तलिखितांतच होतं. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ते खंडांच्या रूपात आणायला सुरुवात केली. या खंडांचे संपादक वसंत मून नागपूरचेच.

पक्ष: इथे मात्र गाडी अडली

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना १९४२ मध्ये नागपुरात झाली होती. तिच्या जागी सर्व वंचितांना सामावून घेणारा पक्ष बाबासाहेबांना हवा होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पण त्यांच्याशिवाय.

काही वर्षांतच फूट पडली. दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांच्या प्रश्नावर रस्त्यावरच्या लढ्याला बळ दिलं, तर बी. सी. कांबळे यांच्या गटाचा भर घटनात्मक मार्गावर होता. तरीही १९६४-६५ चा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह याच पक्षाने केला. पुढे गटबाजीला कंटाळलेल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली.

मग हिशेब कसा मांडायचा?

‘बाबासाहेब आणखी दहा वर्षं जगले असते तर?’ हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. पण फुटीचं सगळं कारण त्यांच्या जाण्यात शोधलं, तर नंतरच्या नेत्यांची जबाबदारी झाकली जाते. सत्तेसाठी केलेल्या तडजोडी त्यांच्या स्वतःच्या होत्या.

तिन्ही कामं शेजारी ठेवली की एक फरक दिसतो. धम्म घराघरांतल्या लोकांच्या हाती गेला होता. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही. पक्षाला मात्र उमेदवार, युती आणि नेतृत्व यांचे निर्णय रोज घ्यावे लागत होते. ते सर्वमान्य होतील असा माणूस उरला नव्हता.

आजही दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. स्तूपापुढे नतमस्तक होतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं नेतात. राजकीय सभांचे मंच मात्र अजूनही वेगवेगळे असतात.