वाकलेल्या गर्डरचा इतिहास

मंडळी, तुळई केव्हा मोडेल, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये विचारलं. मोडण्याआधी ती किती वाकेल, हा प्रश्न त्याने घेतला नाही. जितका भार तितका ताण, हा नियम हूकने १६७८ मध्ये मांडला. १८२६ मध्ये छापलेल्या नाविएच्या व्याख्यानांतून वाकण्याचा हिशेब अभियंत्यांच्या हाती आला.

आता आपल्या निघोज्यात या. कारखान्यांमुळे भाडेकरू मिळतात, म्हणून जुन्या घरावर मजला चढतो. समजा, जुना गर्डर मधोमध २० मिलिमीटर झुकलाय. खालून पोलादी पट्टी जोडून त्याचा ताठपणा दुप्पट केला, मग भार दीडपट झाला. घाईचा हिशेब म्हणतो: ३० भागिले २, म्हणजे १५. चूक! पट्टी आली तेव्हा २० ची झुक पडलेलीच होती. पट्टी फक्त नव्या भाराची वाटेकरी. म्हणून २० अधिक ५, म्हणजे २५. १५ च हवे असतील, तर आधी जॅक लावून जुना भार उचला, मग पट्टी जोडा, मग जॅक काढा.

गर्डर तोच, पट्टी तीच, भारही तोच. फक्त कामाचा क्रम बदलला. क्रम म्हणजेच इतिहास, बरं का. तो न विचारता केलेल्या हिशेबाखाली कुणाचं तरी कुटुंब झोपतं.