हाक आणि हात : अवलोकितेश्वराच्या प्रतिमांतील कथनाचा प्रश्न

करुणेचा बोधिसत्त्व म्हणून महायान परंपरेत जो सर्वत्र पूजिला गेला, त्याच्या नावाचेच दोन पाठ आढळतात. नेपाळमध्ये जतन झालेल्या संस्कृत हस्तलिखितांत तो ‘अवलोकितेश्वर’ आहे. मध्य आशियात सापडलेल्या ‘सद्धर्मपुंडरीका’च्या एका जुन्या खंडित पोथीत मात्र ‘अवलोकितस्वर’ असे रूप येते. मिरोनोव्ह यांनी १९२७ मध्ये या पाठाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हा केवळ लेखनिकाचा प्रमाद नव्हे, हे चिनी भाषांतरांवरून दिसते. कुमारजीवाने इ. स. ४०६ मधील आपल्या भाषांतरात ‘ग्वानशियिन’, म्हणजे जगाचे आवाज न्याहाळणारा, असा प्रतिशब्द योजिला. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने तो सदोष ठरवून ‘ग्वानझिझाय’, म्हणजे पाहणारा स्वामी, असा पर्याय पुढे केला. पंडितांनी तो मान्य केला. लोकांच्या तोंडी मात्र आवाज ऐकणारा ग्वानयिनच राहिला. तिबेटी भाषेतील ‘चेनरेझिग’ हे नाव डोळ्यांनी पाहणाऱ्याचे आहे. एकाच देवतेच्या नावात एक भाषा कान पाहते, दुसरी डोळा.

नावातील हा भेद मूर्तिकाराच्या दृष्टीने गौण नाही. ‘सद्धर्मपुंडरीका’च्या समंतमुख परिवर्तात (संस्कृत पाठात चोविसावे, कुमारजीवाच्या भाषांतरात पंचविसावे प्रकरण) बोधिसत्त्वाचे रूपवर्णन जवळजवळ नाही. तेथे आहे ते एक आश्वासन : संकटात सापडलेल्याने नाव घ्यावे, आणि त्याची सुटका होईल. कथनाचा गाभा हाकेत आहे, आणि हाक दगडात कोरता येत नाही. निरनिराळ्या देशांतील प्रतिमांची तुलना करताना आयुधे, मुद्रा आणि हातांची संख्या यांच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. या अडचणीला त्या त्या ठिकाणच्या शिल्पकारांनी काय उत्तर दिले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला.

पश्चिम भारतातील लेण्यांनी दिलेले उत्तर सर्वांत सरळ आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या ओवरीत अवलोकितेश्वराची भव्य उभी मूर्ती आहे. जटामुकुटात अमिताभ बुद्ध, हाती कमळ. दोन्ही बाजूंना चार-चार अशी आठ दृश्ये कोरलेली आहेत : वणवा, खड्गधारी शत्रू, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीतील माणसे हात जोडून मधल्या मूर्तीकडे वळलेली आहेत. हाक ऐकू येत नाही, पण हाक मारणारा दिसतो. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात, अजिंठ्याच्या चौथ्या आणि सव्विसाव्या लेण्यांत याच रचनेचे पट आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील तथाकथित पद्मपाणी पाठ्यपुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत पोचला आणि करुणेचे भारतीय रूप म्हणजे ते खाली झुकलेले डोळे, असे समीकरण रूढ झाले. चित्र म्हणून त्याची थोरवी वादातीत आहे. परंतु त्याची ओळखही अभ्यासकांत सर्वमान्य नाही, आणि ग्रंथाशी नाते तपासायचे तर ओबडधोबड, झिजलेले अष्टमहाभयपटच अधिक बोलके आहेत.

या पटांत काय निवडले गेले आणि काय गाळले गेले, हे पाहण्यासारखे आहे. समंतमुख परिवर्तात राग, द्वेष आणि मोह या आंतरिक शत्रूंपासून सुटकेचेही आश्वासन आहे, अपत्यप्राप्तीचेही आहे. ही आश्वासने या चौकटींत आली नाहीत. उलट, मूळ यादीत स्वतंत्रपणे न आलेला हत्ती येथे ठळक आहे. दगडात उतरली ती घाटवाटांनी आणि समुद्राने प्रवास करणाऱ्यांची भीती. कान्हेरीच्या जुन्या दानलेखांत कल्याण आणि सोपारा येथील व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात, हे येथे आठवावे. लेख या शिल्पांहून कित्येक पिढ्या आधीचे असले तरी वाटा त्याच होत्या. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान सिंहलद्वीपाहून परतत असताना वादळात सापडला, तेव्हा त्याने ग्वानयिनचेच स्मरण केल्याची नोंद त्याच्या प्रवासवृत्तात आहे. औरंगाबादच्या पटातील जहाजात असा एखादा भिक्षू बसलेला कल्पिणे वावगे ठरणार नाही.

कान्हेरीच्याच एकेचाळिसाव्या लेण्यात दुसरे उत्तर आहे. तेथील अवलोकितेश्वराला अकरा मुखे आहेत. अशा प्रतिमा पुढे तिबेट, चीन आणि जपान येथे अमाप झाल्या. भारतात पाषाणात कोरलेले हे उदाहरण एकाकीच आहे. येथे भयग्रस्तांची गर्दी नाही. अनेकांना ऐकण्याची, सर्व दिशांना पाहण्याची क्षमता मूर्तीच्या देहातच सामावली आहे. एका पद्धतीत हाक मारणारे कोरले जातात, दुसऱ्या पद्धतीत हाकांची संख्या देहावर उमटते. दोन्ही पद्धती एकाच डोंगरात असल्याने पहिली भारतीय आणि दुसरी ‘बाहेरची’ अशी वाटणी करता येत नाही.

तिसरे उदाहरण वेरूळचे, आणि ते या चर्चेत निर्णायक आहे. नवव्या लेण्याच्या दर्शनी भागावर तीच संकटांची चौकट आहे, पण मध्यभागी तारा उभी आहे. ओडिशातील रत्नागिरीलाही अष्टमहाभय तारा आढळते. म्हणजे हाका त्याच राहिल्या आणि त्या ऐकणारी स्त्री झाली. हे चीनमध्ये घडण्यापूर्वी सह्याद्रीच्या परिसरात घडलेले आहे. ग्वानयिनच्या स्त्रीरूपाला मूळ भारतीय कल्पनेचा विपर्यास ठरविणाऱ्या लेखनाने वेरूळच्या या पटाची दखल क्वचितच घेतली.

चीनमधील बदलाला ग्रंथाची अनुमती होतीच. बोधिसत्त्व ज्याला ज्या रूपाने बोध होईल त्या रूपाने प्रकटतो, असे समंतमुख परिवर्त सांगते. कुमारजीवाच्या पाठात अशी तेहतीस रूपे आहेत आणि त्यांत भिक्षुणी, उपासिका, गृहिणी, कुमारिका अशी स्त्रीरूपेही आहेत. उपलब्ध संस्कृत पाठातील यादी बरीच लहान असून तीत स्त्रीरूप नाही. तरीही केवळ अनुमतीने मूर्ती बदलत नाही. तुनह्वांगच्या अनेक चित्रांतील ग्वानयिनला बारीक मिशा आहेत. पुढे सुंग काळात शुभ्रवस्त्रा ग्वानयिन घरोघरी पोचली. या दोहोंच्या मध्ये एक कथा उभी राहिली.

ती कथा म्यावशान या राजकन्येची. हनान प्रांतातील श्यांगशान मंदिरातील इ. स. ११०० च्या शिलालेखाशी तिचा लिखित इतिहास जोडला जातो, आणि ग्लेन डडब्रिज यांनी १९७८ मध्ये तिच्या पाठांचा साक्षेपी मागोवा घेतला. राजाची तिसरी कन्या विवाह नाकारते, पित्याचा कोप ओढवून घेते, अरण्यात तप करते. राजाला दुर्धर व्याधी जडते. ज्याच्या मनात क्रोध नाही अशा व्यक्तीचे डोळे आणि हात हेच औषध, असे एक भिक्षू सांगतो. डोंगरावरची तपस्विनी ते काढून देते. राजा बरा होऊन दर्शनाला येतो, आपली मुलगी ओळखतो, आणि ती सहस्रहस्त सहस्रनेत्र रूपाने प्रकट होते. नेत्रदानाचा कथाबंध भारतीय वाचकाला शिबिजातकामुळे परिचित आहे. येथे मात्र दान याचकाला नसून पित्याला आहे. संन्यास घेणाऱ्या मुलीने पितृऋण कसे फेडावे, हा चिनी समाजाचा बौद्ध धर्मावरील जुना आक्षेप होता. त्याचे उत्तर या कथेने प्रतिमेच्या हातांतच ठेवले. तांत्रिक ग्रंथांतून आलेले हजार हात पूर्वी सामर्थ्याची खूण होते. आता ते दिलेल्या दोन हातांचे फळ झाले. मूर्ती तीच, पण तिला चरित्र लाभले.

दाझूच्या बाओदिंगशान येथील बाराव्या-तेराव्या शतकांतील सहस्रहस्ता ग्वानयिनचे हात १,००७ असल्याचे दीर्घकाळ सांगितले जाई. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराच्या वेळी ते मोजले गेले, तेव्हा ८३० भरले. भक्तांच्या दृष्टीने या गणिताला महत्त्व नव्हते.

तिबेटमध्ये हाच देह वेगळ्या कथेत वाचला जातो. जीवांचे दुःख संपत नाही हे पाहून बोधिसत्त्वाचे मस्तक फुटते आणि अमिताभ त्याला अकरा मस्तके देतो. प्रत्येक तळहातावर डोळा. नावातील पाहण्याचा अर्थ तिथवर पोचलेला. स्रोंगत्सेन गाम्पो आणि पुढे दलाई लामा यांना त्याचे अवतार मानल्याने करुणेला राज्यसत्तेचे अधिष्ठान लाभले. ल्हासाचा पोताला हे नावही दक्षिण भारतातील पोतलक या त्याच्या पौराणिक पर्वतावरून आले.

सत्तेशी असलेले हे नाते ख्मेर राज्यात अधिक ठसठशीत दिसते. सातवा जयवर्मन ११८१ मध्ये सिंहासनावर आला; ता प्रोह्म येथील ११८६ च्या शिलालेखात १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. बायोनच्या मनोऱ्यांवरील मुखे लोकेश्वराची की अन्य कोणाची, हा वाद मिटलेला नाही. मात्र नाक पोआनच्या तळ्यातील घोडा निःसंदिग्ध आहे : त्याला बिलगलेली माणसे म्हणजे राक्षसींच्या बेटावरून सुटू पाहणारे व्यापारी. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाच्या चित्रात हाच घोडा आहे. पाली जातकात तो बुद्धाचा पूर्वजन्म होता. ‘कारंडव्यूहा’ने त्याला अवलोकितेश्वर केले. हाक मारणारे पुन्हा शिल्पात आले, पण आता बोधिसत्त्वाला मानवी देहच उरला नाही.

थेरवादी सिंहलद्वीपात महायान लोपले तरी तो नाथदेव म्हणून राहिला. कँडी येथे त्याचे देवालय आहे, आणि पुढे त्याची सांगड भावी बुद्ध मैत्रेयाशी घातली गेली. काठमांडूच्या खोऱ्यात बुंगद्यः हा नेवार बौद्धांचा करुणामय लोकेश्वर, तर हिंदूंचा मत्स्येंद्रनाथ. पाटणच्या रथयात्रेत दोघेही एकच दोर ओढतात. निवृत्तिनाथांची गुरुपरंपरा मत्स्येंद्रापर्यंत नेणाऱ्या मराठी वाचकाला हे नाव परके नाही. दोन्ही मत्स्येंद्रांचे नाते मात्र इतक्या सहज जोडू नये.

क्योतोच्या सांजूसांगेन्दोमध्ये १,००१ सहस्रभुज कान्नोन आहेत; मधली मूर्ती तांकेई या शिल्पकाराने १२५४ मध्ये पूर्ण केली. प्रत्येकीला प्रत्यक्षात बेचाळीस हात : जोडलेले दोन सोडून उरलेल्या चाळीसांपैकी प्रत्येक हात पंचवीस लोकांचा उद्धार करतो, असा हजाराचा हिशेब. या रांगांत आपल्या दिवंगत आप्ताचा चेहरा सापडतो, अशी तेथे समजूत आहे. औरंगाबादला चौकटीत असलेला आर्त माणूस येथे मूर्तीसमोर उभा राहून तिच्यात आपले माणूस शोधतो.

१६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीच्या परिसरातील गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी फूच्येन प्रांतातील देहुआच्या पांढऱ्या चिनीमातीच्या, मूल घेतलेल्या ग्वानयिन मूर्ती घरात ठेवल्या आणि त्यांच्यापुढे मेरीची प्रार्थना केली. मूर्तिलक्षणांच्या कसोटीवर त्या ग्वानयिनच्याच आहेत. एकोणिसाव्या शतकात अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या अशा काही मूर्ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि तेथे त्यांची नोंद ‘मारिया कान्नोन’ या नावाने होते.