मताचा हक्क मिळाला आणि गेलाही: अमेरिकेतला ‘रिकन्स्ट्रक्शन’चा काळ काय होता?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा म्हटलं की मार्टिन ल्यूथर किंग आणि १९६० चं दशक आठवतं. पण त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, निवडूनही येत होते. मग हे थांबलं कसं?

सुरुवात कशी झाली?

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि सुमारे ४० लाख लोक गुलामीतून सुटले. तेव्हापासून १८७७ पर्यंतचा काळ म्हणजे ‘रिकन्स्ट्रक्शन’, अर्थात पुनर्रचना.

पण दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच ‘ब्लॅक कोड’ कायदे आणले. कामाचा करार नसलेल्या कृष्णवर्णीयाला उनाड ठरवायचं, दंड करायचा आणि तो भरता आला नाही तर मजुरीला जुंपायचं! अखेर १८६७ मध्ये संसदेने अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा विरोध मोडून दक्षिणेत लष्करी अंमल बसवला.

कोणते हक्क मिळाले?

- १३ वी घटनादुरुस्ती (१८६५): गुलामगिरी बंद
- १४ वी (१८६८): जन्माने नागरिकत्व, कायद्याचं समान संरक्षण
- १५ वी (१८७०): वंश किंवा रंगावरून मताधिकार नाकारण्यास बंदी. स्त्रियांना मात्र मत नव्हतंच.

१८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. या काळात सुमारे २ हजार कृष्णवर्णीयांनी सार्वजनिक पदं सांभाळली.

मग चक्र उलटं का फिरलं?

कू क्लक्स क्लॅनसारख्या टोळ्यांनी मतदारांवर दहशत बसवली. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे निवडणुकीच्या वादातून अनेक कृष्णवर्णीयांची हत्या झाली. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या दोषींची शिक्षा रद्द केली.

त्याच वर्षीची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. तडजोड झाली, रदरफर्ड हेज अध्यक्ष झाले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं गेलं. पुढे मतदान कर आणि वाचनाच्या चाचण्या लावून मताधिकार हळूहळू हिरावला गेला. घटनेतलं कलम मात्र जागेवरच होतं.

महाराष्ट्राशी काय संबंध?

हा काळ सुरू असतानाच, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं.

आज हे का माहीत हवं?

शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल याच १४ व्या दुरुस्तीवर उभा होता. मताचा हक्क प्रत्यक्षात मिळायला मात्र १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला.