तडा उजेडात आणणारा हिरवा द्रव

विमानाच्या इंजिनातले टर्बाइनचे पाते दुरुस्तीला आले की त्यावरचा जुना लेप आम्लात उतरवतात, झिजलेले टोक वेल्डिंगने भरतात आणि घासून मूळ मापाला आणतात. पण ते पुन्हा इंजिनात बसणार की भंगारात जाणार, याचा मोठा निर्णय अंधाऱ्या खोलीत होतो. तपासनीस पाते अतिनील दिव्याखाली धरतो, हळूहळू फिरवतो. निरोगी धातू काळपट जांभळा दिसतो. तडा असला तर तिथे केसाएवढी पिवळट हिरवी रेघ चमकून उठते.

या तपासणीचे कूळ रेल्वेच्या कारखान्यांत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाड्यांची चाके आणि आस रॉकेलने पातळ केलेल्या काळ्या तेलात भिजवून ठेवत. मग ते कोरडे पुसायचे, स्पिरिटमध्ये कालवलेल्या खडूच्या पुडीचा हात द्यायचा आणि हातोड्याचा ठोका मारायचा. भेगेत शिरलेले तेल पाझरून पांढऱ्यावर डाग उमटे. द्रव बारीक फटीत आपोआप शिरतो आणि कोरडी पूड त्याला बाहेर ओढते, हे तत्त्व आजही तेच आहे. अडचण होती ती डागाची. बारीक तडा पुरेसे तेल धरत नसे, मग डाग दिसणार कसा?

१९३० च्या दशकात लोहकण आणि चुंबकाची पद्धत रुळली, पण ती फक्त पोलादावर. विमानात तर ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा वापर वाढत होता. पुढे जेट इंजिनाच्या पात्यांसाठी आलेला निकेलचा मिश्रधातूही चुंबकाला दाद देईना.

उत्तर आले कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावातून. १९३३ मध्ये रॉबर्ट स्विट्झर हा तरुण मालाची खोकी उतरवताना पडला, डोक्याला मार लागला आणि नजर अधू झाली. डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितले. त्याचा भाऊ जोसेफ रसायनशास्त्र शिकत होता आणि हौसेने जादूचे प्रयोगही करायचा. दोघांनी वडिलांच्या औषधांच्या दुकानात अतिनील दिवा फिरवून कोणत्या बाटल्या चमकतात ते पाहिले. त्यातून चमकणारे रंग तयार झाले, आणि पुढे रॉबर्टला सुचले की तेलाच्या जागी असा चमकणारा द्रव भेगेत घालावा. १९४१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. मॅग्नाफ्लक्स कंपनीने ही पद्धत ‘झायग्लो’ नावाने बाजारात आणली. महायुद्धातल्या विमानांना ती लगेच हवी होती.

द्रव मिळाला, तो नीट वापरला जातो की नाही, हे पाहायला मानके आली. आधी अमेरिकी लष्कराची, पुढे ‘एएसटीएम ई १४१७’. दिव्याची तीव्रता ३८ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला किमान १००० मायक्रोवॅट हवी, खोलीतला साधा उजेड २० लक्सच्या वर नको, अंधारात शिरल्यावर डोळे निदान एक मिनिट सरावू द्यायचे, उन्हात काळा पडणारा चष्मा घालायचा नाही. कलमे रुक्ष वाटतात, पण एकही अनाठायी नाही. सफाईसाठी केलेल्या वाळूच्या माऱ्याचेच घ्या. त्याने धातू लख्ख होतो, पण पृष्ठभाग पसरून भेगेचे तोंडच बुजते. मग द्रव आत जाणार कुठून? म्हणून आधी आम्लाला तो पसरलेला थर खायला लावावा लागतो. काम सुरू करण्यापूर्वी मुद्दाम पाडलेले ताऱ्यांसारखे पाच तडे असलेली पट्टीही तपासून पाहतात. त्यातला नेहमी दिसणारा तारा दिसला नाही तर काम थांबते.

एवढे असूनही १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० विमान कोसळले. २९६ जणांपैकी ११२ दगावले. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची पंखा-चकती फुटली होती. तिची झायग्लो तपासणी १९८८ च्या फेब्रुवारीत झाली होती, आणि चौकशीनुसार तेव्हा तडा सुमारे अर्धा इंच लांब होता. भेगेच्या पृष्ठभागावर तपासणीच्या द्रवाचे अंशही मिळाले. म्हणजे द्रव आत गेला, तडा मात्र नजरेतून सुटला. ६ जुलै १९९६ रोजी पेन्साकोलाला धावपट्टीवरच एमडी-८८ विमानाच्या इंजिनातला पंख्याचा हब फुटून आई आणि मुलगा दगावले. तिथेही तडा तपासणीत सुटला होता. त्या चौकशीने धुण्या-वाळवण्यापासून हाताळणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर बोट ठेवले.

अशा वेळी तपासनिसाच्या माथी दोष मारणे सोपे असते, आणि ते अन्यायाचे आहे. तासन्‌तास ज्यांत बहुतेक वेळा काहीच सापडत नाही अशा वस्तू पाहणारी नजर थकणारच. सू सिटीच्या चौकशीनेही माणसाच्या या मर्यादांकडे विमान कंपनीच्या तपासणी-व्यवस्थेने पुरेसे लक्ष दिले नाही, असा ठपका ठेवला. आता पद्धतीची कसोटी वेगळ्या प्रश्नाने घेतात: ठरावीक लांबीचा तडा शंभरात किती वेळा सापडतो? सहसा नव्वद वेळा सापडावा अशी अपेक्षा असते, आणि तो आकडाही ९५ टक्के खात्रीने सिद्ध करावा लागतो.

माणसासाठीही मानक आहे, ‘नॅस ४१०’. त्यात प्रशिक्षणाचे तास, अनुभव आणि परीक्षा यांच्या जोडीला तपासनिसाची जवळची नजर दरवर्षी तपासली जाते. त्यात जो उत्तीर्ण होत नाही, त्याला पाते पास करता येत नाही.