तेलाची वाट

कुर्ल्यात माझ्या मामूंचं गॅरेज होतं. फियाट टॅक्सींची इंजिनं तिथे बांधायला यायची. तक्रार बहुधा एकच असायची: गाडी गरम झाली, सिग्नलला थांबली, की तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. मालक म्हणायचा, जाड तेल टाका. काही मिस्त्री प्रेशर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून दिवा विझवून द्यायचे. मामू चेंबर उघडल्याशिवाय बोलत नसत. मला म्हणायचे, “बेटा, पंप तेल देता है, प्रेशर नहीं.”

हे वाक्य मला समजायला फार वर्षं लागली. त्यासाठी 1883 सालच्या इंग्लंडात जावं लागलं.

तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने बोशँप टॉवर यांना रेल्वेच्या आसांचं घर्षण मोजायचं काम दिलं होतं. फिरता आस खालून तेलात बुडलेला आणि वर भार घेतलेलं पितळी बेअरिंग, अशी त्यांची मांडणी होती. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं होतं. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. टॉवरनी बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. मग दाबमापक लावला. चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंत मोजणारा तो काटा शेवटाला जाऊन टेकला. बेअरिंगवरचा सरासरी भार तर 100 पौंडांच्या आसपासच होता.

इथे पंप नव्हताच. मग हा दाब आला कुठून? 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने उत्तर दिलं. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढतो. तिथे कोंडलेलं तेल आसाला उचलून धरतं. म्हणजे चालू इंजिनात क्रँक धातूवर टेकलेला नसतो. केसाहून पातळ थरावर तो तरंगत असतो. पंपाचं काम एवढंच, की ती फट कधी कोरडी पडू द्यायची नाही.

सुरुवातीच्या मोटारींत तर असा पंपही नसायचा. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये फ्लायव्हील तेल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीतून पुढे जायचं, बाकी काम शिंतोड्यांवर. गाडी लांब चढाला लागली की पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडायचं. इंजिनांचा वेग आणि ताकद वाढली तसा पंप आणि नळ्यांचा मार्ग सगळीकडे आला. आपल्या 1089 सीसीच्या फियाटमध्येही तोच: चेंबरमधून पंप, पंपातून मुख्य वाहिनी, तिथून तीन मेन बेअरिंगं, आणि क्रँकच्या पोटातल्या भोकांमधून बिग एंड.

आता मामूंचं वाक्य. पंप एका फेरीला ठरावीक तेल ढकलतो. त्याला वाटेत जेवढा अडथळा होतो तेवढाच दाब दिव्याच्या स्विचला दिसतो. बेअरिंग झिजून फट दुप्पट झाली, तर त्याच दाबाला तिच्यातून दुप्पट नाही, सुमारे आठपट तेल निसटतं. जवळच्या बेअरिंगने असं तेल सांडलं की लांबचं उपाशी राहतं. वर जास्तीचं तेल सिलिंडरवर उडून निळा धूर येतो. वायसर घालून ती फट भरत नाही. फार जाड तेल दिवा विझवतं, पण सकाळी थंड इंजिनात तेच उशिरा पोचतं.

म्हणून मामू आधी क्रँक मोजायचे. शाफ्टच्या एका इंचाला एक थाऊ फट, हा त्यांचा ढोबळ हिशेब. क्रँक ग्राइंडिंगहून आला की तेलाच्या भोकांत तार घालून, रॉकेलने धुऊन, हवा मारायचे. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवे शेल पहिल्याच दिवशी खरवडले जातात. शेलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं का, ते बोट फिरवून बघायचे. पंप तेलाने भरूनच बसवायचे. शेवटी प्लग काढून इंजिन नुसतं फिरवायचे. दिवा विझला, की मगच प्लग लावून बिस्मिल्लाह.

टॉवर आणि रेनॉल्ड्स ही नावं त्यांनी कधी ऐकली नसतील. पण तेल कुठे जातं आणि कुठे अडतं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

आपल्याकडे अल-जझरींच्या यंत्रांची चित्रं अभिमानाने फिरवली जातात. पाण्याच्या चाकावर चालणारा त्यांचा दोन दट्ट्यांचा पंप खरोखरच थक्क करणारा आहे. पण मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातला हा कारागीर. सुलतानाने सांगितलं, हे सगळं लिहून ठेव. त्यांनी 1206 मध्ये ग्रंथ पुरा केला. भाग कसे घडवायचे, कसे जोडायचे, मापं आणि आकृत्यांसकट. म्हणून आठशे वर्षांनी त्यांची यंत्रं पुन्हा बांधता आली.

मामूंना असं कुणी सांगितलं नाही. मीही नाही, आणि मी तर घरातला लिहिणारा. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा तिच्यावर खूप लेख आले. तिच्या रंगावर, सीटच्या कापडांवर, आठवणींवर. तिची इंजिनं ज्यांनी तीन-तीनदा बांधली, त्यांच्या हाताबद्दल फारसं काही वाचनात आलं नाही.

मामूंच्या इंतिकालनंतर गॅरेजमधून एक वही मिळाली. तिच्यात फक्त उधारी होती. मापं सगळी त्यांच्याबरोबर गेली. जी मला आठवली, ती वर लिहिली आहेत. तुमच्या मोहल्ल्यात असा एखादा उस्ताद अजून बसत असेल, तर या जुम्मानंतर वही घेऊन त्याच्याजवळ जा.